उघड्या सपरीत आठ रात्री

ताई,

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन पुण्यात आले त्याला 12 वर्षं झाली. सासर सिंदेवाही तालुक्यातलं, ताडोब्याच्या बफरमधलं, म्हणजे राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यातलं, एक लहानसं खेडं. आजेसासरे गेल्यापासून तिथलं कवेलूचं, म्हणजे कौलांचं, घर बंद असतं. शेजारी चुलतदीर राहतात, ते झाडलोट करून ठेवतात. यंदा नवऱ्याच्या मनात आलंय की पोळ्याला सगळ्यांनी तिथं जाऊन आठ दिवस राहायचं. त्याचा एक मित्र बायकामुलांसह कोस्टा रिकाला जाऊन आला. तिथं वर्षावनात भिंतीच नसलेल्या घरात ते राहिले. सकाळी छपरावर माकडं, नाश्त्याला बसलं की समोर टुकान पक्षी. ते व्हिडिओ पाहिल्यापासून नवरा म्हणतो, "आपल्याकडे हे फुकट आहे. सपरी तीन बाजूंनी उघडी आहे, सगळे तिथंच झोपू." मुलगी 9 वर्षांची आहे, मुलगा 4. सासूबाई 69 च्या, गुडघे धरतात. मी नको म्हटलं की उत्तर येतं, "मी तिथंच वाढलो, मला कुठं काय झालं?" आणि वर सगळ्यांसमोर हसून "आमची नाजूक बाई". सासूबाई हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत, भाजी निवडत बसतात. मी खरंच उगाच घाबरतेय का?

एक सून, पुणे

---

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा माझी नजर त्या भाजी निवडणाऱ्या बाईंवर जाऊन थांबली.

अहो, उघड्या सपरीत कसं राहायचं हे तुमच्या घरात सगळ्यात जास्त कुणाला ठाऊक असेल तर त्यांना. तुमच्या यजमानांचं बालपण त्या घरात गेलं म्हणजे काय? कुणीतरी वाकळ झटकून अंथरली, मच्छरदाणी खोचून दिली, दिवेलागणीला अंगणातून बखोट धरून आत आणलं, मग हे गाढ झोपले. ते करणारं माणूस आज तुमच्या स्वयंपाकघरात बसलंय आणि या बेतात त्याला कुणी एक शब्द विचारलेला दिसत नाही. "मला कुठं काय झालं" असं लेक म्हणतो तेव्हा त्या माउलीला काय वाटत असेल, याचा मी अंदाज करू शकते. बायकांनी निभावलेली जोखीम पुरुषांच्या आठवणीत फार वेळा नुसती मजा होऊन उरते. असो, यावर लिहायला लागले तर सदर पुरायचं नाही.

माझं माहेर ब्रह्मपुरीकडचं, त्यामुळे सपरीबद्दल थोडं हक्काने बोलते. ज्यांना शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: सपरी म्हणजे घराच्या तोंडाशी असलेली, खांबांवर उभी, शेणाने सारवलेली उघडी जागा. तुमच्याकडची ओसरी म्हणा, पण पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत घराचा अर्धा संसार तिच्यावर चालतो. धान पाखडणं, सोयरिकी ठरवणं, पंचायतीची भांडणं, दुपारची डुलकी, बंगईवर झुलणं, सगळं तिथं. आमची आजी मात्र दिवा लावला की एक हाक द्यायची, "पोट्टेहो, आत या बरं आता!" आणि त्या हाकेनंतर सपरी आमची नसायची. मोठी माणसं बसायची ती कंदिलाभोवती, पाय वर घेऊन. झोपायच्या वेळी आजी हातात काठी घेऊन आधी बाज ठोकायची, मग वाकळ उलटी-सुलटी झटकायची, मग उशी. रोज, न चुकता. लहानपणी आम्हाला ती देवपूजेसारखी रीत वाटायची. एकदा श्रावणात वाकळीच्या घडीतून मण्यार पडली, तेव्हा रीत कशाची ते कळलं.

मण्यारीचं आधी सांगते, कारण तुम्ही जाताय ते भर पावसाळ्यात आणि तुमच्या पत्रात वाघ-बिबट्याची भीती ओळीओळीमागे दिसते, पण सापाचा उल्लेखही नाही. नाग, घोणस, फुरसं चावलं तर माणसाला बहुधा कळतं. मण्यार रात्री फिरते. उंदीर, पाली, दुसरे साप खायला घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचे दात इतके बारीक की झोपेत चावा कळतही नाही, खूणही दिसेलच असं नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घशाखाली थुंकी उतरत नाही, पापण्या जड होऊन मिटायला लागतात. घरातले म्हणतात, काल रात्रीचं जेवण बाधलं. त्यात तास-दोन तास जातात आणि घात होतो.

म्हणून त्या घरात कुणीही, तुमचे यजमानसुद्धा, जमिनीवर झोपणार नाही. बाज किंवा खाट, तीही भिंतीपासून हातभर दूर, आणि मच्छरदाणी. मच्छरदाणी लोंबती ठेवायची नाही, चारी बाजूंनी गादीखाली घट्ट खोचायची. डासांसाठी लावलेली ही साधी जाळी मण्यारीलाही अडवते, हे अनुभवाने गावाला ठाऊक होतं आणि आता डॉक्टरही सांगतात. बंद घर म्हणजे उंदीर असणार. चुलतदिरांना आधी फोन करून धानाची पोती, सरपणाचा ढीग आणि जुने कवेलू झोपायच्या जागेपासून दूर हलवायला सांगा. बुटात, चपलेत पाय घालण्याआधी ते आपटायचे, विंचवासाठी. रात्री उठलं की आधी टॉर्च, मग पाय.

चावलाच साप, किंवा नुसता संशय आला, तर आवळून दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे तर नाहीच. हात किंवा पाय लाकडाची पट्टी लावून हलणार नाही असा ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही आणि 108 ला फोन करून सरळ दवाखाना गाठायचा. सर्पविषावरचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. पण मण्यारीच्या विषात श्वास अडतो, तेव्हा कृत्रिम श्वासाची सोय असलेलं मोठं रुग्णालय कुठलं, रात्री तिथं पोचायला किती वेळ लागतो, रस्त्यात नाला भरून वाहतो का, हे निघण्याआधी चुलतदिरांकडून कळून घ्या. ते उत्तर ऐकून यजमानांचा बेत बदलला तर तो त्यांचा शहाणपणा समजा, चिडवू नका.

आता कोस्टा रिका. तुमच्या यजमानांना त्या व्हिडिओंनी भुरळ घातली यात नवल नाही, मलाही घातली असती. पण घराला भिंत का नसते याला कारण असतं. तिकडे ओसा द्वीपकल्पासारख्या भागात बाराही महिने उष्ण-दमट हवा आणि वर्षातले बरेच महिने धो धो पाऊस. थंडी नाही, लू नाही. घरात वारा खेळला नाही तर कपडे, भांडी, माणसं सगळ्यांना बुरशी धरेल, म्हणून मोठं छप्पर, लांब पागोळ्या आणि मध्ये हवा. तिथलं मोठं मांजर जग्वार, आणि जग्वारने माणसावर हल्ला करणं अगदी क्वचित घडतं. साप तिकडेही विषारी आहेत, तिथली माणसंही अंधारात टॉर्चशिवाय पाय टाकत नाहीत. व्हिडिओत टुकान येतो, टॉर्च येत नाही.

आपलं जंगल वर्षावन नव्हे, पानझडीचं. साग, बांबू, ऐन, मोह, तेंदू. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 46-47 ला टेकतो, जानेवारीत पहाटे शेकोटीपासून उठवत नाही. म्हणून आपल्या जुन्या माणसांनी एकाच घरात दोन घरं बांधली: आत जाड मातीच्या भिंतींची अंधारी, थंडगार खोली आणि बाहेर सपरी. तुमच्या यजमानांना यातलं अर्धंच आठवतंय.

आणि आपलं मोठं मांजर पट्टेदार आहे. यजमान साधारण चाळिशीचे असतील असं धरते, म्हणजे त्यांचं बालपण 1990 च्या आसपासचं. ताडोबा राष्ट्रीय उद्यान 1955 चं, पण त्याच्या भोवतीच्या गावांना "बफर" हा शब्द लागला तो 2010 मध्ये. तेव्हापासून आजपर्यंत चंद्रपूर जिल्ह्यात वाघ खूप वाढले. मला त्याचा आनंद आहे, पण ज्या जंगलाच्या काठाला तुमचे यजमान वाढले ते हे जंगल नव्हे. मोहर्लीकडच्या सीतारामपेठ गावाभोवती तर वनखात्याने कॅमेरे बसवून "आभासी भिंत" उभी केली. वाघ-बिबट गावाकडे वळला की इशारा जातो. ज्या मुलखात गावाला भिंत लागते तिथं चार वर्षांच्या पोराला उघड्यावर निजवायचं, हे मला पटत नाही.

तरी वाघाची भीती योग्य जागी ठेवा. वाघ घरात शिरून माणूस नेतो असं सहसा होत नाही. माणसं गेली ती बहुतेक जंगलात आणि वावरात: पहाटे मोह वेचताना, तेंदूपत्ता तोडताना, गुरं चारताना, खाली वाकून काम करताना. वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही असं गावचे लोक म्हणतात, आणि वनखात्याचे लोकही जंगलात एकट्याने वाकून, बसून राहू नका असंच सांगतात. तेव्हा "चल, जरा जंगलाच्या कडेला फिरून येऊ" हे सकाळी उजाडल्याशिवाय आणि गावातलं माणूस सोबत असल्याशिवाय नाही. सात्या, म्हणजे पावसाळी रानअळंबी, उगवल्या असतील, पोरं हट्ट करतील. बाजारातून विकत घ्या, वेचायला जाऊ नका.

बिबट्याचं वेगळं. तो गावात येतो, कुत्री, शेळ्या, कोंबड्यांसाठी, आणि लहान मूल त्याच्या नजरेच्या उंचीचं असतं. चुलतदिरांचा गोठा सपरीला लागून आहे का, हे सासूबाईंना विचारा. असेल तर रात्री सपरीवर झोपण्याचा विषयच संपला. शौचालय मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, असेल तर त्याचा रस्ता संध्याकाळीच बघून ठेवा, बल्ब लावून घ्या. मुलांनी रात्री एकट्याने तिकडे जायचं नाही, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी आत झाकणाची बादली ठेवायला लाजू नका. आमच्याकडे सगळ्या घरांत असते, पाहुण्यांना दाखवत नाहीत इतकंच.

एक धोका शहरातल्या माणसाच्या ध्यानात कधीच येत नाही. रानडुकरं पीक लोळवतात म्हणून काही शेतकरी वावराच्या तारेत रात्री वीज सोडतात. बेकायदा आहे, तरी चालतं. डुकरापायी लावलेल्या तारेने माणसं मेली आहेत. रात्री बेडूक बघायला, काजवे शोधायला धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, चालत जाण्याची हौस यजमानांना असेल तर त्यांना हे ठामपणे सांगा. आणि गाडीचा झोत टाकत जंगलाच्या रस्त्याने जनावरं शोधत हिंडणं कायद्यातही बसत नाही आणि गावच्या लोकांच्या मनातूनही उतरवतं.

आता निकाल ऐका. रात्री सगळे आत, कडी लावून. मुलगा, मुलगी, सासूबाई, तुम्ही, आणि यजमानसुद्धा, कारण ते एकटे बाहेर झोपले तर आत तुम्हाला झोप लागायची नाही. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत मात्र सपरी सोडू नका. टीव्ही तर बंदच ठेवा, फोनही आत ठेवा. दिवे लागल्यावर जेवणं आटोपून नऊपर्यंत सगळ्यांनी मिळून बसायचं: बल्ब चालू, मुलं भिंतीकडे, मोठी माणसं कडेला. त्या दोन तासांत जे ऐकू येतं ते ऐकायला लोक हजारो रुपये मोजतात. मुलीला वही द्या. बेडकांचा गलका, रातकिडे, पिंगळ्याची किचकिच, टिटवीची ओरड. जंगलाकडून चितळाची "कुंक" अशी हाक आली, किंवा वानरं एकदम खोकल्यासारखी "खॅक खॅक" करायला लागली, तर समजा कुणीतरी मोठं फिरतंय. ही नक्कल सासूबाईंना येत असणार. करायला सांगा.

दिवसा वानरं येतील, आणि कोस्टा रिकाच्या माकडांपेक्षा धीट येतील. त्यांना पोळी घालू नका, हातात केळ धरून मुलांचे फोटो तर नकोच. एकदा सवय लागली की तुम्ही आठ दिवसांनी निघून याल आणि कवेलू फुटतील ते चुलतदिरांचे. सफारी करायचीच असेल तर ध्यानात ठेवा, पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद असतो. बफरची फाटकं तेवढी पाऊस बघून चालू असतात.

यजमानांची उघड्यावर रात्र काढायची हौस मात्र मोडू नका, तिला जागा द्या. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला वनखातं मचाणावरून रात्रभर प्राणी बघण्याचा निसर्गानुभव ठेवतं. आधी नाव नोंदवावं लागतं. त्यांनी एकट्याने किंवा त्या कोस्टा रिकावाल्या मित्राला घेऊन जावं. चांदण्यात पाणवठ्यावर अस्वल आलेलं बघून येतील आणि वर्षभर तुम्हाला ऐकवतील.

परत आल्यावरचं एक. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कुणालाही ताप आला तर पुण्यातल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, आम्ही चंद्रपूरच्या जंगलाकडे राहून आलो. मलेरिया आणि स्क्रब टायफस या दोन्हींची तपासणी करायला सांगा. स्क्रब टायफस गवतातल्या बारीक किड्यांच्या अळ्या चावून होतो. काखेत, जांघेत, कमरेला, सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली दिसू शकते. 2018 च्या पावसाळ्यात नागपूरकडे त्याची साथ आली होती. वेळेत ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. मुलांना गवतात लोळू द्यायचं तर पूर्ण बाह्या, पायघोळ पँट, आणि घरी येताच आंघोळ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मारबत, म्हणजे रोगराईचा पुतळा, गावाबाहेर नेताना "खासी, खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी उठते ती उगाच नाही, भाद्रपदाच्या तोंडावर आमच्याकडे खरोखर हेच सगळं असतं.

राहिलं तुमचं नाजूकपण. यजमानांशी वाद घालू नका. एका संध्याकाळी ते घरी असताना सासूबाईंसमोर बसा, दोन जुड्या तुमच्याही हातात घ्या आणि विचारा: "आई, तुम्ही नव्या सून म्हणून त्या घरात आलात तेव्हा पावसाळ्यात कोण कुठं झोपायचं?" एवढंच. मध्ये बोलू नका. त्या जे सांगतील त्यात माझ्या या सगळ्या सल्ल्यापेक्षा जास्त माहिती असेल, कारण त्या घराच्या कुठल्या कोपऱ्यात पाणी झिरपतं आणि कुठल्या आढ्याला साप निघाला होता हे मला ठाऊक नाही. कदाचित त्यांना तिथं जायचंच नसेल, तेही निघेल. कदाचित खूप जायचं असेल आणि कुणी विचारण्याची वाट बघत असतील. त्या "आपण आतच झोपू" म्हणाल्या तर तुमच्या यजमानांना आईला नाजूक म्हणणं जड जाईल. आणि त्या म्हणाल्या "मी सपरीवरच झोपायची, लेकराला पोटाशी घेऊन", तर त्यांना पुढचं विचारा, झोप लागायची का?

जायचं ठरलं तर पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळीच पोचा. संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असं त्यांच्या कानात सांगतात. मुलीला ते करू द्या, बैल गरीब असेल तर. दुसऱ्या दिवशी पोळा, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. तो तुमच्या धाकट्याचा. लाकडी नंदी ओढत घरोघरी जायचं आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करायचा. नंदी पुण्याहून विकत नेऊ नका. यजमानांचा लहानपणीचा नंदी त्या घरात माळ्यावर कुठेतरी पडलेला असणार, कुठे ते सासूबाईंना माहीत असेल. फक्त काढायच्या आधी माळा काठीने चांगला ठोकून घ्या.